अरुंद भरावाचा मृदादाब

संरक्षक भिंत आणि तिच्यामागील खडक किंवा दुसरी भिंत यांमधील अपुऱ्या जागेत भरलेल्या मातीचा भिंतीवर पडणारा आडवा दाब म्हणजे अरुंद भरावाचा मृदादाब होय. घाटरस्त्यांवर कापलेल्या बेसॉल्टच्या कड्यालगतच्या भिंती आणि शहरांत जुन्या इमारतींना खेटून बांधलेली तळघरे ही त्याची नेहमीची उदाहरणे.

कूलों यांच्या सिद्धांतानुसार (१७७६) भिंत किंचित पुढे सरकली की मागील मातीची एक पाचर सुटते आणि भिंतीवर रेलते. रँकिन यांच्या सूत्रात (१८५७) दाब खोलीच्या प्रमाणात वाढतो. ६ मीटर उंचीच्या भिंतीमागे ३० अंश घर्षणकोनाची माती असल्यास या पाचरीला माथ्याशी सुमारे ३.५ मीटर जागा लागते. जागा १ मीटरच असेल, तर पूर्ण पाचर तयार होऊच शकत नाही.

अशा वेळी माती कणगीतल्या धान्यासारखी वागते. कणगीत धान्याचा काही भार घर्षणामुळे कडांवर जातो व तळाशी दाब अपेक्षेपेक्षा कमी राहतो. जर्मन अभियंता यान्सेन यांनी १८९५ मध्ये धान्यकोठारांसाठी याचे गणित मांडले. तेच येथे वापरतात. घनमीटरला १८ किलोन्यूटन वजनाची माती व दोन्ही बाजूंस २० अंश घर्षण धरल्यास वरील भिंतीच्या तळाशी दाब सुमारे १९ किलोपास्कल येतो. रँकिन यांच्या सूत्राने तो ३६ येतो.

ही बचत मोहात पाडणारी आहे, पण ती कोरड्या मातीपुरतीच. पाण्याला घर्षणाचा आधार मिळत नाही. भराव तुडुंब भरल्यास ६ मीटर खोलीवर एकट्या पाण्याचा दाब सुमारे ५९ किलोपास्कल होतो, मग फट बोटभर रुंद का असेना! म्हणून भिंतीत पाझरछिद्रे आणि मागे खडीचा थर आवश्यक ठरतो. यवतमाळ जिल्ह्यात वणी तालुक्यातील राजूरसारख्या काळ्या मातीच्या परिसरात आणखी एक अडचण आहे. ही माती भिजली की फुगते आणि हा फुगण्याचा दाब वरील गणितात धरलेलाच नसतो. त्यामुळे खोदकामातून निघालेली काळी माती परत भरावात न टाकता मुरूम किंवा खडी वापरणे योग्य.

तळघराची भिंत स्लॅबने जखडलेली असल्याने सरकत नाही. तेथे दाबाचा गुणांक एक-तृतीयांशाऐवजी सुमारे निम्मा धरावा लागतो. शिवाय अरुंद जागेत रोलर शिरत नाही. भराव पातळ थरांत, हातधुम्मसाने दाबावा लागतो.