विम्याने मारले, लिलावाने तारले

मध्यम आकाराच्या गाडीत दांडगे इंजिन घातलेल्या अमेरिकेतल्या मसल कारचा जीव 1973 च्या तेलटंचाईने घेतला, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. त्याच्या तीनचार वर्षे आधीच विमा कंपन्यांनी या गाड्यांवर जबर जादा आकारणी सुरू केली होती. पंचविशीच्या आतल्या पोराला गाडी कशीबशी परवडायची, पण विम्याचा हप्ता पेलवत नसे. त्यात 1970 चा हवा प्रदूषण कायदा आला आणि 1971 पासून जनरल मोटर्सने इंजिनांचे कॉम्प्रेशन, आणि त्याबरोबर ताकदही, उतरवली. अरबांनी तेल रोखले तेव्हा या गाड्यांची धुगधुगीच उरली होती.

जन्म मात्र झोकात झाला होता. मध्यम आकाराच्या गाडीत 330 घनइंचांपेक्षा मोठे इंजिन बसवायचे नाही, हा जनरल मोटर्सचाच नियम. 1964 साली जॉन डिलोरियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी पॉन्टिअ‍ॅक टेम्पेस्टमध्ये 389 घनइंचांचे व्ही-8 घातले आणि नवी गाडी म्हणून न विकता जादा पैसे देऊन घ्यायची ‘जीटीओ’ नावाची सोय म्हणून विकले. नियमाला बगल मिळाली, जीटीओ हातोहात खपली आणि डेट्रॉइटमध्ये अश्वशक्तीची चुरस लागली.

पण आज ज्यांच्यावर उड्या पडतात, त्यातल्या कित्येक गाड्या तेव्हा शोरूममध्ये धूळ खात होत्या. प्लिमथ सुपरबर्डचे नाक आणि पाठीवरचा उंच पंख काढून डीलरांनी ती साध्या रोडरनरसारखी करून विकल्याचे किस्से आहेत. प्लिमथ कुडाच्या उघड्या टपाच्या, म्हणजे कन्व्हर्टिबल गाडीवर 426 हेमी इंजिनासाठी जवळपास 900 डॉलर जादा मोजायला कोण तयार होणार? 1970 मध्ये अशा 14 गाड्या बनल्या, 1971 मध्ये 11. त्या मुद्दाम कमी बनवल्या नव्हत्या, त्यांना गिऱ्हाईकच नव्हते.

सत्तरचे दशक कवडीमोल भावाचे. ‘बुलिट’ चित्रपटातली हिरवी मस्टँग 1974 मध्ये 6000 डॉलरला गेली आणि एका कुटुंबाच्या रोजच्या वापरात राहिली. ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ या मालिकेने उड्या मारण्यापायी सुमारे 300 डॉज चार्जर मोडीत काढल्या, कारण त्या स्वस्तात मिळत होत्या.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस पहिली तेजी आली आणि नव्वदच्या सुरुवातीला आपटली. दुसरी टीव्हीने आणली. स्कॉट्सडेलचा बॅरेट-जॅक्सन लिलाव घराघरांत दिसू लागला आणि 2006 मध्ये 1970 ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल 21.6 लाख डॉलरवर पोचली. 2008 च्या मंदीत भाव पुन्हा कोसळले. मग 2014 मध्ये 1971 ची हेमी कुडा कन्व्हर्टिबल 35 लाखांना गेली, आणि जानेवारी 2020 मध्ये किसिमीच्या मेकम लिलावात तीच बुलिट मस्टँग शुल्कासह 37.4 लाखांना. 2021 मध्ये आणखी एका 1971 च्या कुडा कन्व्हर्टिबलवर 48 लाखांची बोली लागली, तरी मालकाने दिली नाही! मला तेजीचा कळस तिथेच दिसतो. 2022 पासून व्याजदर चढले आणि बाजार थंडावला.

असा भाव एका अक्षरावर ठरतो. डॅशबोर्डवरच्या पट्टीवर 1970 च्या खऱ्या हेमी कुडा कन्व्हर्टिबलचा क्रमांक ‘बीएस27आर0बी’ असा सुरू होतो: बी म्हणजे बॅराकुडा (कुडा हे तिचेच छोटे नाव), 27 म्हणजे उघडा टप, शून्य म्हणजे 1970, शेवटचा बी म्हणजे हॅमट्रॅमिकचा कारखाना. आणि आर म्हणजे 426 हेमी. तिथे एन असेल तर इंजिन 383 चे. मग बॉनेटखाली कुणी हेमी बसवलेले असले तरी भाव पार वेगळा. म्हणून जाणकार मागच्या सीटच्या स्प्रिंगांत हात घालून, गाडीत मुळात काय बसवले होते ते सांगणारा कारखान्याचा कागद चाचपतात.

गंमत अशी की आज या गाड्यांचे भाव पाहायला सगळे ज्यांचे कोष्टक उघडतात ते हॅगर्टी, मिशिगनमधल्या ट्रॅव्हर्स सिटीचे, जुन्या गाड्यांचा विमा उतरवणारेच. 2022 मध्ये त्यांनी ब्रॉड अ‍ॅरो हे लिलावघरही विकत घेतले.

पुढचे काय? 1970 साली अठरा वर्षांचे असलेले आज सत्तरी ओलांडून बसले आहेत. त्यांच्या गॅरेजमधल्या गाड्या वारसांकडे जातील आणि त्यातल्या बऱ्याच बाजारात येतील. पुढच्या पिढीचा जीव जपानी गाड्यांवर आहे. अभिनेता पॉल वॉकरने चित्रपटात चालवलेली टोयोटा सुप्रा 2021 मध्ये साडेपाच लाख डॉलरला गेली. मोजक्या हेमी, ज्यांचे कागद चोख आहेत, तग धरतील. मधल्या फळीतल्या, हजारोंनी बनलेल्या गाड्यांचे भाव महागाई वजा जाता घटतील, असे मला वाटते. हौसेला मोल नसते, पण गोदामाचे भाडे, विमा आणि लिलावाच्या शुल्काला असते. अमेरिकेत राहणाऱ्या कुणा वाचकाला घ्यायचीच असेल, तर चालवण्यासाठी घ्यावी. परताव्याच्या आशेने घेऊ नये.