कासवाला हवे ऊन

कासव पाळले की घरात पैसा टिकतो, ही वास्तूवाल्यांची भूल आता आपल्या वस्त्यांतही शिरली आहे. गेल्या महिन्यात आम्ही एका भगिनीच्या घरी गेलो. बाबासाहेबांच्या तसबिरीखाली फळीवर काचेचे भांडे, त्यात चार बोटे गढूळ पाणी आणि एक कासव. "आठ दिवस झाले, काही खात नाही. नुसते झोपते," त्या म्हणाल्या.

ते झोपलेले नव्हते. त्याचे डोळे सुजून बंद झाले होते. पाठ दाबून पाहिली तर मऊ लागली.

डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हे कासव मूळचे अमेरिकेचे. विकतात तेव्हा नाण्याएवढे असते, पुढे ताटलीएवढे होते आणि वीस-तीस वर्षे जगते. हे दुकानदार सांगत नाही. अंगावर थेट ऊन पडले तरच त्याच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि अन्नातले कॅल्शियम हाडांत मुरते. काचेतून आलेले ऊन त्या कामाचे नाही. त्यात खायला रोज भात नाहीतर पावाचा चुरा! लहान मुलांना मुडदूस होतो, तसाच हा आजार. डोळे सुजतात ते बहुधा अ जीवनसत्त्व कमी पडल्याने आणि घाण पाण्याने. दिसत नाही, म्हणून ते खात नाही. कासव तिरके तरंगू लागले, नाकातून बुडबुडे आले, तर फुफ्फुसाचा विकार समजून लगेच पशुवैद्य गाठावा.

पोहता येईल एवढे पाणी ठेवावे व वरचेवर बदलावे. चढून बसायला वीट ठेवावी. सकाळचे ऊन द्यावे, पण निम्मे भांडे सावलीत असावे, नाहीतर जीव भाजून निघेल. काट्यासकट बारीक मासळी, गांडूळ, गाजराचा कीस, हिरवा पाला खायला द्यावा.

भांडे स्वयंपाकाच्या मोरीत धुऊ नये. कासवापासून साल्मोनेला जंतूंचा जुलाब होतो, लहान मुलांना अधिक. अमेरिकेने याच कारणाने 1975 साली चार इंचांहून लहान कासवांच्या विक्रीवर बंदी घातली. हात साबणाने धुवावेत.

कंटाळा आला म्हणून ते तळ्यातही सोडू नये. तिथल्या कासवांचे अन्न आणि जागा ते बळकावते. पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले आपल्याकडचे कासव पाळणे तर 1972 च्या कायद्याने गुन्हाच आहे. ते वनखात्याच्या हवाली करावे.

बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांचे लालनपालन आहे, हे त्या भगिनीला आम्ही सांगायची गरज पडली नाही. त्याच आठवड्यात त्यांनी पशुवैद्य गाठला. परवा निरोप आला : एक डोळा उघडला आहे, पाठ अजून मऊच आहे.