लॉरेन्सच्या दप्तरातील पराभव

अमेरिकेच्या मध्यभागी, कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या लहानशा शहरी जे विद्यापीठ आहे, त्याच्या पुरुष बास्केटबॉल संघाचा वर्षवार तक्ता १८९८-९९ च्या हंगामापासून सुरू होतो. आणि राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेची चार अजिंक्यपदे ज्याच्या खाती जमा आहेत, त्या संघाच्या कीर्दीतील पहिलीच नोंद पराभवाची आहे. ३ फेब्रुवारी १८९९ रोजी कॅन्सस सिटीच्या वायएमसीए संघाने त्याला १६-५ असे हरविले.

त्या वेळी संघाचे प्रशिक्षक होते डॉ. जेम्स नेस्मिथ. १८९१ च्या डिसेंबरात, मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, हिवाळ्यामुळे चार भिंतींच्या आत अडकून पडलेल्या विद्यार्थ्यांना काही व्यायाम घडावा म्हणून, सज्जाच्या कठड्याला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकून आणि तेरा नियम लिहून काढून ज्यांनी हा खेळच जन्माला घातला, तेच हे नेस्मिथ. नऊ हंगामांअखेर त्यांच्या नावे ५५ जय आणि ६० पराजय लागले. शंभराहून अधिक वर्षांच्या या परंपरेत जयापेक्षा ज्याचे पराजय अधिक भरले असा प्रशिक्षक एकच, आणि तो खेळाचा जनक! मला यात काही उणेपणा दिसत नाही. शरीर आणि शील घडविण्याचे साधन म्हणून ज्याने खेळाकडे पाहिले, त्याने जयापजयाचा हिशेब दुय्यम मानला, इतकाच त्याचा अर्थ.

तो हिशेब मांडला त्यांच्या शिष्याने, फॉरेस्ट ‘फॉग’ अ‍ॅलन यांनी. बेकर विद्यापीठाने त्यांस प्रशिक्षकपदासाठी बोलावले तेव्हा, हा खेळ शिकवायचा नसतो, नुसता खेळायचा असतो, असे गुरूंनी त्यांना सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. अ‍ॅलन यांनी ते न मानता कॅन्ससमध्ये ३९ हंगाम सेवा केली, ५९० सामने जिंकले आणि १९५२ मध्ये क्लाइड लव्हलेटच्या बळावर सेंट जॉन्सला ८०-६३ असे नमवून राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अ‍ॅडॉल्फ रप पुढे केंटकीचे आणि डीन स्मिथ नॉर्थ कॅरोलायनाचे महान प्रशिक्षक झाले.

मात्र जॉन मॅक्लेंडन हे नाव या तक्त्यात शोधून सापडणार नाही. हा कृष्णवर्णीय विद्यार्थी नेस्मिथांच्या हाताखाली शिकून १९३६ मध्ये पदवीधर झाला; पण वर्णभेदामुळे संघाचे दार त्याला बंद होते. पुढे टेनेसीतील एका कृष्णवर्णीय महाविद्यालयाच्या संघास त्याने १९५७ पासून लागोपाठ तीन वर्षे लहान महाविद्यालयांच्या राष्ट्रीय स्पर्धेचे अजिंक्यपद मिळवून दिले. कॅन्ससच्या साऱ्या पराभवांत हा पराभव मला सर्वांत मोठा वाटतो, आणि त्याची नोंद कोणत्याही रकान्यात झालेली नाही.

१९५५ साली सात फुटी विल्ट चेंबरलेन लॉरेन्सला आला. परंतु पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यास मुख्य संघात खेळण्याची मुभा नव्हती, आणि त्याला मुभा मिळेपर्यंत सत्तरी गाठलेले अ‍ॅलन नियमाप्रमाणे सक्तीने निवृत्त झाले होते. ज्याला त्यांनी हौसेने आणले, त्यालाच मुख्य संघात खेळविण्याचे त्यांच्या नशिबी नव्हते. पहिल्याच सामन्यात ५२ गुण मिळविणारा हा तरुण २३ मार्च १९५७ रोजी अंतिम सामन्यात उतरला, तेव्हा नॉर्थ कॅरोलायनाने जादा वेळेचे तीन डाव लढवून ५४-५३ असा एका गुणाने विजय मिळविला.

पुढची वर्षे चाळली की १९८८ चे पान लागते. अकरा सामने हरूनही डॅनी मॅनिंगच्या संघाने अंतिम सामन्यात ओक्लाहोमाला ८३-७९ असे पराभूत केले. मॅनिंगचे एकट्याचे ३१ गुण होते. २००८ मध्ये मारिओ चाल्मर्सने शेवटच्या क्षणी साधलेल्या तीन गुणांनी हातचा गेलेला अंतिम सामना जादा वेळेत नेला आणि संघाने तो जिंकला. २०२२ च्या अंतिम सामन्यात मध्यंतराला १५ गुणांनी मागे असलेल्या संघाने त्याच नॉर्थ कॅरोलायनाला ७२-६९ असे हरविले.

आपण लोकांची निराशा केली, हे शल्य उराशी बाळगून चेंबरलेन दीर्घकाळ लॉरेन्सपासून दूर राहिला. जानेवारी १९९८ मध्ये त्याचा तेरा क्रमांक सन्मानाने निवृत्त करण्यात आला, तेव्हा अ‍ॅलन यांच्या नावाच्या क्रीडागृहात, विद्यार्थिदशेतले जुने जाकीट अंगात घालून, तो भरल्या गळ्याने उभा राहिला, आणि एका गुणाने हरलेल्या त्या माणसासाठी सारे प्रेक्षागार टाळ्या वाजवीत होते.