हात कामात, कान मोकळे : केळशीकरांनी मोबाईलवर काय ऐकावं?

आवडीनुसार मराठी पॉडकास्ट, ते डेटा न संपवता ऐकायची पद्धत आणि कुठे फक्त ऐकून चालत नाही, याची माहिती

केळशी (ता. दापोली) : आगरात शिंपणं चाललेलं असतं, पडवीत सुपाऱ्या सोलल्या जात असतात, नाहीतर दापोलीहून परतीच्या एसटीत तास-दीड तास बसायचं असतं. अशा वेळी हात आणि डोळे अडकलेले असतात, कान मात्र मोकळे असतात. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा तर काम थांबवावं लागतं. ऐकायला काम थांबवावं लागत नाही. म्हणूनच पॉडकास्ट ही गोष्ट शहरातल्या माणसापेक्षा गावातल्या कामाच्या माणसाला जास्त सोयीची आहे.

ज्यांना बारीक अक्षर दिसत नाही किंवा वाचायची सवय राहिलेली नाही, अशा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तर ती आणखी उपयोगी. फक्त कुणीतरी एकदा फोनवर लावून द्यायला हवं.

पॉडकास्ट म्हणजे काय?

सोप्या भाषेत, हवा तेव्हा लावता येणारा रेडिओचा कार्यक्रम. रेडिओवरच्या कार्यक्रमाची वेळ चुकली की तो गेला. पॉडकास्ट तसा जात नाही. त्याचे भाग एकामागून एक येत राहतात आणि जुने भागही ऐकता येतात. मुख्य म्हणजे भाग फोनमध्ये उतरवून ठेवता येतो. एकदा उतरवला की रेंज असो वा नसो, तो वाजतो. ‘पॉडकास्ट’ हा शब्द २००४ साली ‘आयपॉड’ आणि ‘ब्रॉडकास्ट’ हे दोन शब्द जोडून तयार झाला. आयपॉड बाजारातून गेला, शब्द राहिला.

रेंज नसेल तर काय करायचं?

केळशी, आडे, उटंबर या पट्ट्यात रेंज एका वळणावर असते, पुढच्या वळणावर नसते. त्यामुळे ‘आधी उतरवा, मग ऐका’ हीच सवय लावून घ्यावी.

१. स्पॉटिफाय किंवा अँटेनापॉड यांपैकी एक ॲप घ्या. दोन्ही फुकट वापरता येतात. अँटेनापॉडमध्ये खातं उघडावं लागत नाही आणि ॲपच्या स्वतःच्या जाहिरातीही नसतात. पूर्वीचं गुगल पॉडकास्ट हे ॲप २०२४ साली बंद झालं, ते शोधत बसू नका.

२. कार्यक्रमाचं नाव मराठीत टाका. सापडलं नाही तर इंग्रजी अक्षरांत टाकून बघा. सगळे कार्यक्रम सगळ्या ॲपवर नसतात.

३. घरी वायफाय असेल तिथे, किंवा दापोलीला गेल्यावर चांगली रेंज मिळाली की, आठवड्याचे चार-पाच भाग उतरवून ठेवा. ॲपच्या सेटिंगमध्ये ‘फक्त वायफायवर डाउनलोड’ असा पर्याय असतो. तो चालू ठेवला की पॅक नकळत संपत नाही.

४. ऐकून झालेला भाग काढून टाका, म्हणजे फोन भरणार नाही.

डेटाचा हिशोबही सोपा आहे. १२८ केबीपीएस दर्जाचा एक तासाचा आवाज म्हणजे सुमारे ५८ एमबी. ६४ केबीपीएसचा असेल तर २९ एमबी. तोच कार्यक्रम यूट्यूबवर व्हिडिओ म्हणून बघितला तर कितीतरी पट जास्त डेटा जातो. शिवाय यूट्यूबच्या फुकट सेवेत स्क्रीन बंद केली की आवाजही बंद होतो, बॅटरी मात्र खाल्ली जाते. म्हणून एखादा कार्यक्रम दोन्हीकडे असेल तर आवाजाचाच पर्याय घ्यावा.

कुणी काय ऐकावं?

बातम्या आणि जगाची माहिती : बीबीसी मराठीची ‘सोपी गोष्ट’ नावाप्रमाणेच आहे. एक विषय घ्यायचा आणि तो थोडक्यात समजावून सांगायचा. ‘गोष्ट दुनियेची’मध्ये परदेशातल्या घडामोडींच्या मागची कारणं मिळतात. टीव्हीवरची आरडाओरड नको झालेल्यांनी इथून सुरुवात करावी. आकाशवाणीच्या बातम्या आणि देशभरातल्या केंद्रांचं प्रसारण ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर ऐकता येतं, पण त्याला चालू नेट लागतं.

शेती आणि बागायत : ‘ॲग्रोवन’चे पॉडकास्ट बाजारभाव, हवामान आणि सरकारी योजनांबद्दल असतात. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवावी. त्यांत कापूस, सोयाबीन, तूर, कांदा यांवर भर जास्त. आंबा, काजू, सुपारीवाल्याला त्यातला बराच भाग लागू पडत नाही. भाव कशामुळे चढतो-उतरतो, हे समजून घ्यायला मात्र ते चांगले. आपल्या झाडांचा प्रश्न असेल तर दापोलीतच १९७२ पासून डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ आहे. घरबसल्या विचारायचं तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा फुकट क्रमांक आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

मुलाखती, नाटक-सिनेमा : ‘मित्रम्हणे’मध्ये सौमित्र पोटे नाटक-सिनेमातल्या आणि इतर क्षेत्रांतल्या माणसांशी निवांत गप्पा मारतात. ‘थिंक बँक’वर विनायक पाचलग जाणकारांना अर्थकारण, राजकारण, इतिहास अशा विषयांवर बोलतं करतात. हे भाग लांब असतात. एका दमात संपवायची गरज नाही. आज सुपारी सोलताना अर्धा, उद्या उरलेला.

आरोग्य, मन आणि घर : ‘अमुक तमुक’मध्ये डॉक्टर आणि तज्ज्ञांशी आहार, झोप, मुलांचं संगोपन, नातेसंबंध यांवर गप्पा असतात. त्यांचीच ‘खुसपुस’ ही मालिका घरात मोकळेपणाने न बोलल्या जाणाऱ्या विषयांवर आहे. मनाच्या आजारांबद्दल समजून घ्यायचं असेल तर ठाण्याच्या ‘आयपीएच’ संस्थेच्या ‘आवाहन’ या यूट्यूब वाहिनीवर डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांचे सहकारी सोप्या मराठीत बोलतात. घरात कुणी खचलेलं असेल तर नुसतं ऐकत बसू नये. ‘टेलि-मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

पुस्तकं आणि मुलांसाठी गोष्टी : ‘स्टोरीटेल’वर मराठी पुस्तकांचा मोठा साठा आहे, पण त्याला पैसे पडतात. फुकट हवं असेल तर आपल्याच तालुक्यातल्या पालगडच्या साने गुरुजींकडे वळावं. त्यांचं निधन १९५० साली झालं. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षांनी पुस्तकावरचा हक्क खुला होतो. त्यामुळे त्यांच्या पुस्तकांचं वाचन कुणालाही करता येतं आणि ते फुकट ऐकायलाही मिळतं. लहानग्यांसाठी ‘चिकूपिकू’ या मासिकाच्या गोष्टी ऐकण्यासारख्या आहेत. रात्री जेवल्यावर मुलांच्या हातात फोन देण्यापेक्षा फोन फळीवर ठेवून गोष्ट लावावी. डोळ्यांना विश्रांती आणि आजीलाही सोबत.

मुंबईशी नातं असलेल्यांसाठी : ‘लोकसत्ता’च्या ‘गोष्ट मुंबईची’ या मालिकेत भरत गोठोसकर मुंबईतल्या वास्तू आणि वस्त्यांचा इतिहास सांगतात. ही व्हिडिओ मालिका आहे, पण आयुष्यभर मुंबईत नोकरी करून गावी परतलेल्या चाकरमान्याला तिथल्या नावांवरूनच सगळं डोळ्यांपुढे येतं.

पक्ष्यांची आवड : हा पॉडकास्ट नव्हे, पण कानाचाच छंद. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं ‘मर्लिन’ हे फुकट ॲप पक्ष्याचा आवाज ऐकून तो कोण असावा ते सुचवतं. आपल्या भागाची माहिती आधी उतरवून ठेवली की रेंज नसतानाही चालतं. सकाळी आगरात तांबट, हळद्या, भारद्वाज यांचे आवाज वेगळे ओळखायला शाळेतली मुलं लवकर शिकतील.

जिथे पॉडकास्टवर विसंबायचं नाही

पॉडकास्ट हा आधी बोलून ठेवलेला आवाज आहे. समुद्र आज कसा आहे, हे त्याला माहीत नसतं. मच्छीमारांनी होडी काढण्याआधी हवामान विभाग आणि हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या संस्थेचा त्या दिवसाचा इशाराच बघावा. विजेसाठी ‘दामिनी’ आणि आपत्तीच्या सूचनांसाठी ‘सचेत’ ही सरकारी ॲप फोनमध्ये असावीत.

पण ही ॲपसुद्धा नेटवरच चालतात. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या किनारपट्टीवर माडा-पोफळींबरोबर विजेचे खांबही आडवे झाले. कित्येक गावांत दिवसच्या दिवस वीज नव्हती आणि फोनही लागत नव्हते. मुंबईतल्या मुलांना आईवडिलांची खुशाली कळत नव्हती. अशा वेळी सेलवर चालणारा साधा रेडिओ उपयोगी पडतो. काही फोनमध्ये एफएम रेडिओ असतो आणि तो नेटशिवाय चालतो. त्याला बहुतेक वेळा वायरचा हेडफोन लावावा लागतो, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. पावसाळ्याआधी घरातला एक रेडिओ आणि सेल तपासून ठेवावेत.

दुसरी काळजी पैशांची आणि औषधांची. छान आवाजात बोलणारा प्रत्येक जण जाणकार नसतो. बोलणारा कोण, त्याचं शिक्षण काय, कार्यक्रमाला पैसे कोण देतं, शेवटी काही विकायला येतो का, हे चार प्रश्न विचारावेत. कुणाचं ऐकून बीपी-शुगरची गोळी बंद करू नये. मोहोरावर कुठली फवारणी करायची, तेही ऐकीव माहितीवर ठरवू नये. ‘महिन्यात पैसे दुप्पट’ म्हणणारा कार्यक्रम तिथेच बंद करावा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करावा.

तिसरी काळजी कानांची. आवाज फोनच्या कमाल पातळीच्या ६० टक्क्यांपेक्षा कमी ठेवावा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गाडी चालवताना, होडीवर आणि माडावर चढताना कानात काहीच नको.

केळशीचा आवाज कुठे आहे?

वरची यादी बघितली तर एक गोष्ट लक्षात येते. आवड कुठलीही असो, मराठीत ऐकायला काहीतरी आहे. पण यातले बरेचसे कार्यक्रम पुण्या-मुंबईत बसून केलेले. पोफळीच्या रोगावर, खाडीतल्या मासेमारीवर, नमन-जाखडीवर आपल्या बोलीत बोलणारं त्यांत फारसं कुणी नाही.

आणि सांगण्यासारखं तर गावात भरपूर आहे. केळशीच्या किनाऱ्यावरची वाळूची टेकडीच घ्या. डेक्कन कॉलेजचे डॉ. अशोक मराठे यांनी तिचा अभ्यास केला आणि ती त्सुनामीच्या लाटांनी साचली असावी, असं मत मांडलं. १५२४ साली वास्को द गामाच्या जहाजांना दाभोळजवळच्या समुद्रात भूकंपाचे धक्के बसल्याची नोंद आहे, तिच्याशी हा धागा जोडला जातो. महालक्ष्मीची चैत्रातली यात्रा, याकूबबाबांचा दर्गा, किनाऱ्यावर अंडी घालायला येणारी कासवं, वादळानंतर पुन्हा उभी केलेली आगरं, यातला प्रत्येक विषय एकेक भागाचा ऐवज आहे.

त्याला स्टुडिओ लागत नाही. फोनमधला रेकॉर्डर पुरतो. पंखा बंद, खिडक्या लावलेल्या, आजूबाजूला गोधड्या-गाद्या असलेली खोली निवडावी, म्हणजे आवाज घुमत नाही. फोन बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर ठेवावा. सुरुवातीला माणसाचं नाव, गाव, वाडी आणि तारीख बोलून घ्यावी. वीस मिनिटं पुरे. एकच प्रश्न विचारून गप्प बसावं, मधे तोडू नये. दुसऱ्यांना ऐकवायचं असेल तर आधी त्यांची परवानगी घ्यावी. सिनेमातलं गाणं पाठीमागे लावू नये, त्यावर दुसऱ्याचा हक्क असतो. रेकॉर्डिंगची एक प्रत फोनमध्ये आणि एक दुसरीकडे ठेवावी, कारण फोन पाण्यात पडतो.

पुढे ते स्पॉटिफाय किंवा यूट्यूबवर फुकट चढवता येतं. तेवढं नाही जमलं तरी वाडीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवलं तर मुंबईतले, गुजरातेतले, आखातातले केळशीकर ऐकतील.

गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी घरी येतात तेव्हा हे काम सहज होण्यासारखं आहे. घरात फोन हाताळणारी नातवंडं असतात आणि ओटीवर सांगणारी माणसं असतात. भातांच्या जुन्या जातींची नावं, रहाट कसा चालायचा, पूर्वी मुंबईला कसं जायचे, हे ज्यांना ठाऊक आहे ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. दुसऱ्यांचे पॉडकास्ट पुढच्या वर्षीही ऐकता येतील. यांना मात्र याच सणाला बोलतं करायला हवं.