ली, जेट

(२६ एप्रिल १९६३ – ). चिनी वूशूपटू व चित्रपट-अभिनेता. मूळ नाव ली ल्येनज्ये. जन्म बीजिंग येथे. क्रीडास्पर्धांतून थेट चित्रपटसृष्टीत आलेल्या युद्धकलापटूंमध्ये त्याचे स्थान अग्रगण्य मानले जाते. भावंडांत तो सर्वांत धाकटा. तो दोन वर्षांचा असतानाच त्याचे वडील वारले. वयाच्या आठव्या वर्षी सुट्टीतील क्रीडावर्गात तो वूशू शिकू लागला व पुढे बीजिंगच्या वूशू संघात दाखल झाला. तेथे त्याला वू बिन हे प्रशिक्षक लाभले. खेळाडूस आवश्यक असा मांसाहार ली कुटुंबाला परवडत नाही, हे पाहून त्यांनी स्वखर्चाने त्या कुटुंबाकडे अन्न पोहोचविले.

वूशू म्हणजे चीनमधील पारंपरिक युद्धकलांना १९४९ नंतर शासनाच्या आश्रयाखाली देण्यात आलेले नियमबद्ध क्रीडास्वरूप होय. तिच्या ‘ताओलू’ या प्रकारात प्रतिस्पर्ध्यावर मात करावयाची नसते. रिकाम्या हातांनी अथवा तलवार, भाला, काठी इ. आयुधांसह हालचालींची पूर्वनियोजित मालिका खेळाडू करून दाखवितो आणि उडी, तोल, वेग व लय यांची पारख करून पंच गुण देतात. म्हणजेच ही कला युद्धाची असली, तरी तिचे प्रयोजन दर्शनाचे आहे. लीच्या पुढील वाटचालीचे मर्म येथेच सापडते. १९७४ मध्ये चिनी पथकाबरोबर तो अमेरिकेस गेला आणि तेथे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्यासमोर त्याने कसरती केल्या. १९७५ मध्ये, अवघ्या बाराव्या वर्षी, त्याने राष्ट्रीय स्तरावर सर्वंकष अजिंक्यपद मिळविले व ते १९७९ पर्यंत राखले.

तत्पूर्वी हाँगकाँगच्या युद्धपटांना नट पुरविणारे मार्ग वेगळे होते. ब्रूस ली हा बालनट म्हणून पडद्यावर आला व युद्धकला नंतर शिकला. जॅकी चॅन व सामो हंग हे पीकिंग ऑपेराच्या निवासी शाळेत गायन, अभिनय व कसरती एकत्र शिकून तयार झाले. जेट लीला अभिनयाचे असे कोणतेच शिक्षण मिळालेले नव्हते. दिग्दर्शक चांग शिनयेन याने शाओलिन टेंपल (१९८२) या चित्रपटासाठी नटांना युद्धकला शिकविण्याऐवजी खेळाडूंनाच पडद्यावर आणले. यू हाय, हू च्येनच्यांग इ. वूशूपटूंसह लीने त्यात नायकाची भूमिका केली. हाँगकाँगच्या निर्मात्यांनी तो चीनच्या मुख्य भूमीवर चित्रित केला. प्रेक्षकांची त्यास अलोट गर्दी लोटली व हनान प्रांतातील शाओलिन मठाकडे प्रवाशांची रीघ लागली. तथापि नायकाला मिळालेले मानधन दिवसाला एक युआन एवढेच होते.

यानंतरच्या काही चित्रपटांत त्याच्या शरीरसिद्धीचाच उपयोग करण्यात आला. त्याने स्वतः दिग्दर्शित केलेल्या बॉर्न टू डिफेन्स (१९८६) या चित्रपटास फारसे यश लाभले नाही. वळण लागले ते त्स्वी हार्क दिग्दर्शित वन्स अपॉन अ टाइम इन चायना (१९९१) मधील वाँग फेई-हंगच्या भूमिकेने. पाश्चात्त्य सत्तेच्या दडपणाखालील समाजात परंपरा जपू पाहणारा हा वैद्य व युद्धकलागुरू त्याने संयमाने उभा केला. या चित्रीकरणात पायाला इजा झाल्याने काही दृश्यांत बदली नट घ्यावा लागला. चित्रपटाच्या कँटोनीज आवृत्तीत तर त्याचा आवाजही दुसऱ्याचा होता. भूमिकेचा प्रभाव मात्र कमी झाला नाही. केवळ कसरतीवर न विसंबता उभे राहण्याची ढब, दृष्टी व मौन यांतून व्यक्तिरेखा साकारता येते, हे यावरून स्पष्ट झाले. फिस्ट ऑफ लेजंड (१९९४) मध्ये युएन वू-पिंगने रचलेल्या द्वंद्वांत त्याच्या हालचालींना वास्तवाची धार आली. लीथल वेपन ४ (१९९८) या अमेरिकन चित्रपटात तो खलनायक होता. हीरो (२००२) व फिअरलेस (२००६) हे त्याचे अन्य उल्लेखनीय चित्रपट होत.

द वॉरलॉर्ड्स (२००७) मधील महत्त्वाकांक्षेपायी शपथबंधूंशी द्रोह करणाऱ्या सेनापतीच्या भूमिकेबद्दल त्याला २००८ मध्ये हाँगकाँग चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा सन्मान मिळाला. ओशन हेवन (२०१०) मध्ये त्याने आत्ममग्न मुलाच्या भवितव्याची काळजी वाहणाऱ्या मरणासन्न पित्याचे काम केले. या भूमिकेत युद्धकलेला वावच नव्हता. वूशूने त्याला कॅमेऱ्यासमोर उभे राहण्यास समर्थ केले; पण नट म्हणून मान्यता मिळण्यास शाओलिन टेंपलपासून पाव शतक जावे लागले. २००७ मध्ये त्याने ‘वन फाउंडेशन’ ही सेवाभावी संस्था स्थापन केली.