जीपचा खटका आणि क्रॉसवरचा आळ

जुन्या विलीज घराण्यातल्या महिंद्रा जीपबद्दल दोन समज गॅरेजात सारख्याच ठामपणे ऐकू येतात. एक असा की जुनी जीप म्हटली की क्लच सोडताना खट्ट वाजणारच, त्यात बघायचं काय. दुसरा याच्या अगदी उलट: खट्ट वाजलं म्हणजे डिफरन्शियल गेलं, खोला. दोन्ही निदानं कानाने केलेली असतात आणि या कामात कानाची साक्ष कच्ची असते. गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत ट्रान्सफर केस, प्रोपेलर शाफ्टच्या दोन टोकांचे क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट), स्लिप जॉइंटचे स्प्लाइन, क्राउन-पिनियन आणि अ‍ॅक्सल अशी लांब साखळी आहे. प्रत्येक ठिकाणी थोडी ढिलाई असते. जोराची दिशा बदलली की ती सगळी एकाच क्षणी भरून निघते आणि आपल्याला ऐकू येतो एकच ठोका. शिवाय शाफ्ट पोकळ नळीचा असल्याने एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला घुमतो.

हाताची साक्ष मात्र पक्की असते. गाडी सपाटीवर उभी करून गिअर न्यूट्रलला टाकावा, एका हाताने शाफ्ट आणि दुसऱ्याने शेजारचा योक धरून विरुद्ध दिशांना पिळावं, मग वरखाली हलवून पाहावं. दोन्हींच्या मध्ये क्रॉसपाशी जाणवेल इतकी हालचाल असेल तर क्रॉस संपला. शाफ्ट आणि पिनियनचा योक दोन्ही मिळून थोडे फिरत असतील तर ती क्राउन-पिनियनची फट आहे, आणि थोडी फट तिथे मुद्दाम ठेवलेलीच असते. त्याआधी चाकांना ओट मात्र नीट लावावी. या जुन्या जीपमध्ये हॅंडब्रेकचा ड्रम चाकांवर नसून ट्रान्सफर केसच्या मागे असतो. मागचा शाफ्ट सोडला की तो ब्रेक मागची चाकं धरतच नाही.

थरथरीचंही असंच होतं. साठच्या वेगाला गाडी थरथरली की पहिला संशय चाकांच्या बॅलन्सिंगवर. आकडे थोडे मांडले तर फरक कळतो. साधारण सत्तर सेंटिमीटर व्यासाचं चाक ताशी ६० किलोमीटरला सेकंदाला सात-आठ वेळा फिरतं. डिफरन्शियलचं प्रमाण ५.३८ असेल तर शाफ्ट त्याच वेळात सुमारे चाळीस वेळा फिरतो. म्हणून चाकाचा दोष स्टिअरिंगला हेलकावे देतो, तर शाफ्टचा दोष सीटखालच्या पत्र्यात बारीक गुणगुणत राहतो. त्या वेगाला क्लच दाबूनही गुणगुण थांबली नाही तर इंजिन निर्दोष.

ग्रीस मारलं की आवाज जातो, हे अर्धंच खरं. हळू चालताना चिकचिक ऐकू येते पण हाताला ढिलाई लागत नाही, अशा कोरड्या क्रॉसला ग्रीस वाचवू शकतं, फक्त ते चारही कपांतून बाहेर येईपर्यंत भरायला हवं. कपाभोवती तांबूस भुकटी दिसली तर मात्र आतल्या सुया गंजल्या आहेत आणि त्यांनी क्रॉसच्या दांड्यावर चरे पाडले आहेत. ग्रीस ते चरे बुजवू शकत नाही. पावसाळ्यात ओढे-नाले तुडवणाऱ्या गाडीत असं पाणी शिरणं नेहमीचंच. फोर बाय फोर कधी टाकलाच नाही, मग पुढचा क्रॉस कसा जाईल, हा प्रश्नही नेहमीचा. पुढच्या चाकांना फ्री व्हील हब नसेल तर टू व्हील ड्राइव्हमध्येही चाकंच पुढचा शाफ्ट फिरवत असतात.

क्रॉस स्वस्त आहे, तपासत बसण्यापेक्षा नवा टाकावा, हा आक्षेप ऐकायला व्यवहारी आहे. पण कारण तसंच राहिलं तर नवाही त्याच वाटेने जातो. शाफ्ट जितका कोनात, तितका एकटा क्रॉस गती कमीजास्त करत पोचवतो: १० अंशांना दीड टक्का, २० अंशांना सहा टक्के, आणि तेही प्रत्येक फेरीत दोन-दोन वेळा. दोन टोकांचे कोन सारखे आणि योक एका रेषेत असले की एकाची चूक दुसरा फेडतो. हौसेने स्प्रिंगा बदलून जीप उंच केली की नेमका हा हिशेब बिघडतो. कोन अजिबात नसणंही बरं नव्हे. मग सुया जागच्या जागी दाबत राहतात आणि तिथेच खळगे पडतात.

बसवतानाही हातोडीपेक्षा व्हाइसवर भरवसा ठेवावा. हातोडीच्या ठोक्याने कपातली एक सुई आडवी पडली तरी क्रॉस एका बाजूला जड फिरतो, आणि तो जडपणा नवेपणाचा समजला जातो. सर्क्लिप बसल्यावर क्रॉस चारही दिशांना बोटाने हलला पाहिजे. आणि स्लिप जॉइंट सोडण्यापूर्वी दोन्ही भागांवर खडूने नव्हे, पंचने खूण करावी. खडू डिझेलने धुतला जातो, योक चुकीच्या स्प्लाइनवर बसतात आणि नव्याने सुरू झालेल्या थरथरीचं खापर त्या बिचाऱ्या नव्या क्रॉसवर फुटतं.