दुधाच्या दाताची नलिका : हाताने की यंत्राने?

पडणारच असलेल्या दातावर उपचार कशाला, असे पुष्कळ पालक विचारतात. परंतु दुधाची मागील दाढ दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत टिकावयाची असते. ती अकाली काढल्यास शेजारचे दात सरकतात व कायमच्या दाताची जागा अडते. म्हणून कीड गाभ्यापर्यंत पोहोचली, तरी शक्य तेथे मुळांतील नलिका स्वच्छ करून दाढ राखतात. दिल्लीजवळील गाझियाबादच्या संतोष दंत महाविद्यालयात किंवा त्याच जिल्ह्यातील मुरादनगरच्या आय. टी. एस. दंत महाविद्यालयात बालदंतवैद्यक शिकणाऱ्यांपुढे तेव्हा प्रश्न येतो : हे काम हाताने करावे की यंत्राने?

हाताच्या पद्धतीत पोलादाची सुईसारखी कानस बोटांनी फिरवून नलिकेच्या भिंती खरवडतात. एकीनंतर दुसरी, किंचित जाड कानस घ्यावी लागते. साहजिकच वेळ लागतो. १९८८ साली वालिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी दात सरळ करण्याच्या निकेल-टायटॅनियम तारेपासून कानशी बनविल्या. हे मिश्रधातू अतिशय लवचिक असल्यामुळे पुढे वाकड्या नलिकेतही कानस यंत्राने फिरविणे शक्य झाले. २००० साली अमेरिकेत बार व त्यांच्या सहकाऱ्यांनी दुधाच्या दातांसाठी ही पद्धत वर्णिली. लहान तोंडात मोठ्यांची लांब कानस अडचणीची ठरते; म्हणून चेन्नई येथे मुलांसाठी अवघ्या १६ मिलिमीटर लांबीच्या कानशी तयार झाल्या.

दोन पद्धतींची तुलना करताना मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडतात, लागलेला वेळ मोजतात, क्ष-किरण चित्रावरून नलिका नीट भरली काय ते पाहतात आणि काही महिन्यांनी दात पुन्हा तपासतात. अशा अनेक प्रयोगांत यंत्राने वेळ वाचल्याचे आढळले आहे. दात टिकण्याच्या बाबतीत मात्र दोन्ही पद्धतींत फारसा फरक दिसत नाही.

याचे कारण दाताच्या रचनेत आहे. दुधाच्या दाढेच्या नलिका चपट्या व फाटे फुटलेल्या असतात. कोणतीही कानस प्रत्येक कोपऱ्यात पोहोचत नाही. उरलेले काम जंतुनाशक द्रवाने धुऊनच करावे लागते. शिवाय यंत्र महाग, बोटांना मिळणारी जाणीव त्यात कमी, आणि कानस आत तुटण्याचेही भय असते.

तरीही भेदरलेल्या बालकाला खुर्चीत थोडा वेळ कमी बसावे लागणे, हा लाभ लहान नव्हे. यंत्र मुलाचा वेळ वाचविते. दात वाचविण्यासाठी मात्र काळजीपूर्वक स्वच्छता व वेळेवर केलेली तपासणीच लागते.